वाघ सोडून गोगलगाय

माझा भाचा ताडोब्यात वाघांचे फोटो काढायचा, तोवर घरात त्याची इज्जत होती. नागपुरात जंगलातून परतलेल्या माणसाला एवढंच विचारतात, 'दिसला का?' कोण, ते सांगावं लागत नाही. तर या मुलानं एक दिवस वाघ सोडला आणि समुद्रातल्या गोगलगायी धरल्या. त्याही बिनशंखाच्या. शंख पिल्लूपणी असतो, तो त्या टाकून देतात. नाव न्यूडिब्रँक, जगात 3000 हून जास्त जाती.

"मावशी, अंदमानला चल. पाण्याखाली जोडीदार लागते. तुला पोहता येते न! तू फक्त टॉर्च धर."

'फक्त' म्हणून सांगितलेलं काम कधीच फक्त तेवढं नसतं, हे या वयात मला कुणी शिकवायला नको. तरी गेले. हॅवलॉकला (2018 पासून त्याचं नाव स्वराज द्वीप) आधी स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायचा, कोर्स उरकला. शिकवणाऱ्यानं पहिला नियम सांगितला: श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, रोखली तर फुप्फुस फाटू शकतं. ठीक. पण त्यातली खरी गोम मला खाली गेल्यावर कळली. श्वास घेतला की माणूस वर उचलला जातो, सोडला की खाली बसतो.

आता चित्र बघा. भाचा कॅमेरा रोखून खडकापाशी आडवा. समोर फिलिडिया नावाची बाई: अंग काळं, त्यावर निळसर उंचवट्यांच्या रांगा, टोकांना पिवळे ठिपके, लांबी जेमतेम अंगठ्याएवढी. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी गायब होतो आणि मग सगळंच निळं-करडं दिसतं, म्हणून टॉर्च हवा. मी श्वास घेतला, उजेड भाच्याच्या टाळक्यावर. सोडला, उजेड वाळूत. पुन्हा घेतला, पुन्हा टाळकं. भाचा वळून मास्कमधून डोळे वटारायचा. पाण्याखाली बोलता येत नाही ही सोय देवानं भाच्यांच्या भल्यासाठीच केली असणार.

आणि गोगलगाय हळू चालते, ही निव्वळ अफवा आहे. फोकस बसेपर्यंत बाईसाहेब पाठ फिरवून गेलेल्या असतात. फोटोत डोक्यावरची दोन शिंगं आलीच पाहिजेत, नाहीतर म्हणे फोटो वाया. त्या शिंगांनी ती वास घेते. डोळे नावापुरते, उजेड-अंधार तेवढा कळतो. म्हणजे एवढ्या मोठ्या समुद्रात तिला कळत होता तो फक्त माझा टॉर्च, आणि तोच तिला पसंत नव्हता.

आमच्या मागून एक भलंथोरलं कासव निवांत पोहत गेलं. हे मला रात्री जेवताना बाकीच्यांकडून कळलं.

परतीच्या आधी एक दिवस कोरडा ठेवावा लागतो. अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला हवा, म्हणून निदान 18 तास विमानात बसायचं नाही. मी म्हटलं, चला, आता तरी पाय पसरू. तर पोरानं ओहोटीच्या खडकांवर नेऊन मला गुडघ्यांवर बसवलं. तिथंही असतात त्या.

नागपुरात ताईकडे टीव्हीवर फोटो लावले. समोर तर्री-पोहे. भाऊजी चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिले.

"हे खाते का लोकं?"

"नाही बाबा, विषारी आहे. ती स्पंज खाते अन् त्यातलं विष अंगात साठवून ठेवते. मासेसुद्धा तिच्या वाटेला जात नाहीत."

भाऊजींनी पोह्यांवर आणखी तर्री ओतून घेतली.

"माशायले काय कळते! सावजी रश्श्यात टाकून पाय एकडाव. मंग पाहू, कोण कोणाले बाधते ते."