रविवार सत्कारणी लावा, मेनू आवरा

कॉम्प्युटरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून सहा महिने झाले आणि तुमचा ॲप्लिकेशन मेनू, म्हणजे प्रोग्रामांची यादी, अजून आला तसाच आहे? म्हणजे तुम्ही कॉम्प्युटर नुसता कामासाठी वापरता. चारचौघांत बोलू नका हे.

एक रविवार काढा. "जेवणाच्या आत होईल" असं घरात सांगून ठेवा. कुठल्या जेवणाच्या, ते मोघम ठेवावं. लिनक्सवर एक्सएफसीई हा डेस्कटॉप असेल तर उत्तमच. मेनूलिब्रेसारखी साधनं मिळतात, त्यात माऊसने चार टिचक्या मारल्या की दहा मिनिटांत काम उरकतं. म्हणूनच त्यांच्या वाटेला जायचं नाही. आपण फायली हाताने लिहायच्या.

प्रत्येक प्रोग्रामची एक डॉट डेस्कटॉप फाइल असते. तो कुठल्या कप्प्यात बसणार हे तिच्यातली 'कॅटेगरीज' ही ओळ ठरवते. लिनक्स डेस्कटॉपचे सामाईक नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉपवाल्यांनी ऑफिस, ग्राफिक्स, नेटवर्क असे 13 मुख्य कप्पे नेमून दिलेत आणि बाकीचं जग तेवढ्यात भागवतं. तुम्ही भागवू नका. आकृत्या काढायचा लिब्रेऑफिस ड्रॉ बघा, ऑफिसमध्येही आहे आणि ग्राफिक्समध्येही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा दोन्ही पंगतींना हजर. हे खपवून घ्यायचं?

तेव्हा स्वतःचा कप्पा काढा. त्याच्या नावाआधी 'एक्स-' लावा. मग त्याचं दिसायचं नाव आणि चित्र सांगणारी डॉट डायरेक्टरी फाइल लिहा. मग त्यात कोणी बसायचं ते एक्सएमएलच्या, म्हणजे उघडत्या-मिटत्या टॅगांनी लिहायच्या, डॉट मेनू फायलीत घाला. सातबारा, आठ-अ आणि फेरफार, तिन्हीकडे नोंद झाली की खण तुमचा. एखादा टॅग बंद करायचा राहिला तर अख्खा मेनूच उघडत नाही, पण तोवर दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि भूक मेलेली असते.

नावं मराठीच ठेवा. मी सेटिंग्जला 'उचापती' केलंय, आणि डेव्हलपमेंटला, फुकट काम करणाऱ्या सगळ्या मंडळींचा मान राखून, 'लष्कराच्या भाकऱ्या'.

आणखी एक. फाइल आपल्या होम फोल्डरात त्याच नावाने कॉपी करून बदलली तर तुमची चालते, सिस्टिमची मागे पडते. ही झाली भित्र्यांची रीत. तुम्ही सुडो लावून, म्हणजे ॲडमिनचे अधिकार घेऊन, थेट मूळ फाइलच बदला. पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल आणि आणखी एक रविवार मार्गी लागेल.

आता आयकॉन. पॅपिरससारखी देखणी थीम, म्हणजे आयकॉनचा एकसारखा संच, लावली की सगळे प्रोग्राम एका रंगाचे फेटे बांधून वऱ्हाडासारखे उभे राहतात. एक मामा मात्र माकडटोपीत. त्याच्या फायलीत आयकॉनचं नाव नसून चित्राचा आख्खा पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे तो थीमला जुमानत नाही. या एका मामासाठी इंकस्केप हा चित्रं काढायचा प्रोग्राम उघडून एसव्हीजी चित्र काढायला बसा. बारकावे भरपूर घाला, दाढीच्या खुंटासकट. मेनूत ते चित्र 16 पिक्सेलचं होतं आणि मसुराच्या दाण्यासारखं दिसतं. तरीही नवं चित्र दिसत नसेल तर आयकॉनची कॅशे, म्हणजे सिस्टिमने साठवून ठेवलेली यादी, पुन्हा बांधा. तरीही नाही दिसलं तर लॉगआउट करून या, चहाही होईल.

माझ्याकडे हे सगळं झालं त्या संध्याकाळी आई विजेचं बिल घेऊन बसली.

"अरे, कॅल्क्युलेटर कुठे गेला?"

"हिशेबठिशेबमध्ये बघ ना. मणीपाटीचं चित्र आहे."

तिने चष्मा वर केला, स्क्रीनकडे बघितलं आणि बिलाच्या पाठीवर पेन्सिलने बेरीज केली. माझ्या एक्सएमएलला लागला त्याहून बराच कमी वेळ लागला तिला.

भित्र्यांच्या रीतीने होम फोल्डरात ठेवलेल्या फायली उडवल्या की मेनू मुकाट पहिल्यासारखा होतो. हे मात्र आईला कळू देऊ नका.