सरळ रेषेतलं नागपूर

'आपल्या प्रवासात किरकोळ बदल झाला आहे,' असा मेसेज गेल्या बुधवारी आला. किरकोळ म्हणजे काय, तर कोल्हापूर-नागपूर थेट विमान रद्द. आता आधी हैदराबाद, तिथं सव्वासहा तास बसायचं, मग नागपूर. भाचीचा साखरपुडा दुपारी चारला आणि मी टेकणार संध्याकाळी साडेसातला.

उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरनं, नागपूर विमानतळ सरळ रेषेत साधारण 700 किलोमीटर. पंख्याचं विमानसुद्धा ताशी 500च्या आसपास जातं, म्हणजे दीड तासाचं काम. हे गणित मी आठवडाभर ऑफिसात, सलूनमध्ये, भाजीवालीला, कुणी न विचारता ऐकवलं होतं. म्हणून जास्त झोंबलं.

काउंटरवर माझ्यापुढं एक काका होते. एसटीतनं रिटायर झालेले कंडक्टर. एव्हाना अख्ख्या रांगेला हे ठाऊक झालं होतं.

"पोरी, कोल्हापूर-हैदराबाद किती?"

"सव्वा तास, सर."

"आन् हैदराबाद-नागपूर?"

"तेही सव्वा तास."

"झालं अडीच. तिकिटावर पावणेनऊ तास लिवलंय. मधलं सव्वासहा तास कुठं ठेवलंसा?"

"तो लेओव्हर आहे, सर."

"आमच्यात त्याला गाडी पंक्चर म्हणत्यात." काकांनी खिशातनं पेन काढलं आणि बोर्डिंग पासच्या पाठीवर आकडेमोड मांडली. "हे बघ. सहा किलोमीटरचा एक टप्पा. सरळ गेलं तर एकशे सतरा टप्पं. तुम्ही फिरवून नेताय, एकशे शेहेचाळीस. गंगावेशीतनं रंकाळ्याला जायला शिरोली नाक्यावरनं वळसा! वरच्या एकोणतीस टप्प्यांचं काय करायचं?"

पोरगी बिचारी पंचविशीची. "सर, विंडो सीट देऊ?"

काका विरघळले. "दे. पुढची, दाराजवळची. सवय हाय."

मला मात्र मधली सीट.

याच नागपुरात 1949 साली टपाल खात्यानं रात्रीची विमानसेवा सुरू केली होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही दिशांची विमानं मध्यरात्री तिथं जमायची, टपालाच्या पिशव्या अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. पोस्टकार्डाची सोय बघितली होती कुणीतरी. मी कपाळाला तिकीट चिकटवून पेटीत पडलो असतो तर निदान वेळेत पोचलो असतो.

हैदराबादला काकांनी खुर्चीवर पेपर अंथरून भाकरी-खर्डा सोडला. मी एकशे नव्वद रुपयांचा चहा घेतला, तोही कागदी कपात, अर्धा फेस. उशीर समजू शकतो. यंत्र आहे, बिघडतं. पण माणसाचा अख्खा दिवस गिळायचा आणि वर त्याला 'किरकोळ' म्हणायचं? फोन लावला तर पलीकडची बाई म्हणाली, "सर, अंतर तेवढंच आहे." तेवढंच! काकांचा बोर्डिंग पास तिला दाखवायला हवा होता.

हॉलवर पोचलो तेव्हा मांडववाले खुर्च्या रचत होते. भाऊजी दारातच म्हणाले, "विमानानं आले न पंगत चुकवली बाप्पा!" ताईनं गार मसालेभात वाढला. बसनं आलेला सांगलीचा मामा शेजारी पान चघळत बसला होता. तो सकाळीच पोचला होता म्हणे.

परतीचं तिकीटही हैदराबादवरनंच आहे. रद्द केलं तर चारशे बारा रुपये परत मिळतात. विचारून बघितलं.