वाफ दिसत नाही हो, जावईबापू

जावई म्हणजे दहावा ग्रह असं आपल्याकडे म्हणतात. बाकीचे नऊ कुठे बसलेत ते पत्रिकेत बघावं लागतं, पण आमच्या घरातला दहावा दर रविवारी सकाळी साडेसात ते दहा डोंबिवलीतल्या एका स्वयंपाकघरात, फ्रिज आणि ओट्याच्या मधल्या दीड फुटी फटीत, हातात थर्माकोलची शीट धरून उभा असतो.

झालं असं की सासरे गेल्यावर सासूबाई चिपळूणहून आमच्याकडे राहायला आल्या, आमच्या कन्येने एकदा सहज मोबाइलवर आजीची घावनं शूट करून टाकली, ती नातेवाइकांत फिरली, मग नातेवाइकांच्या नातेवाइकांत फिरली, आणि आजीला चॅनल काढायची हौस आली. कन्या अकरावीत गेली आणि क्लासच्या नावाखाली सटकली. जाताना माझ्याकडे बोट दाखवून गेली, "बाबांनी कॉलेजात फोटोग्राफी केलीय की!" केली होती, नाही असं नाही. गॅदरिंगचे फोटो काढले होते, रोलवर, आणि त्यात निम्म्या लोकांचे डोळे मिटलेले आहेत. पण सासूबाईंसमोर हे सांगायची सोय नव्हती. बायको म्हणाली, "अरे कर ना, तेवढंच आईचं मन रमेल." आईचं मन रमलं. माझं काय झालं ते सांगतो.

कॅमेरा चुलतभावाचा, न्यू जर्सीहून आणलेला, जुना मिररलेस. पहिल्याच व्हिडिओत फोडणीवरून काळपट आडवे पट्टे सरकायला लागले, लहानपणी गच्चीवरचा अँटेना हलला की टीव्हीवर सरकायचे तसे. मला वाटलं ट्यूब गेली. इलेक्ट्रिशियन आला, स्टार्टर बदलला, चोक बदलला, चहा पिऊन साडेतीनशे घेऊन गेला, पट्टे तिथल्या तिथे. तीन रविवार गेल्यावर उलगडा झाला तो असा, की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असते, आपल्या डोळ्याला ते कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, आणि आमचा कॅमेरा अमेरिकेत वाढलेला, तिकडे वीज ६० हर्ट्झ, त्यामुळे तो शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड आत घ्यायचा वेळ, १/६० सेकंदावर ठेवून ऐटीत बसलेला. १/५० केलं, पट्टे गायब. मी हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिकडून आलेल्यांना पहिले दिवस पाणी पण बाधतं. होते सवय."

मग रंग. आमच्या स्वयंपाकघरात वर पांढरी ट्यूब आणि चिमणीच्या पोटात पिवळा बल्ब. तांदळाची भाकरी तव्यावर टाकली की बरोब्बर मधून फाळणी, अर्धी निळसर, अर्धी हळद लागलेली. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला कळेना की यातलं पांढरं कुठलं समजायचं, आपला डोळा हे आपोआप जुळवून घेतो, कॅमेरा एका वेळी एकालाच खरं मानतो. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, पिवळा बल्ब २७००, आपली ट्यूब ६५००, आणि गंमत म्हणजे आकडा जितका मोठा तितका रंग थंड. लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, त्याच हिशेबात पुढे निळं. हे ऐकून सासूबाई पोळपाटावरचा हात थांबवून म्हणाल्या, "आमचे हे अगदी असेच होते. जितके जास्त तापायचे तितके गार दिसायचे." चिमणीतला बल्ब काढला. भाकरी एकसंध झाली. तो बल्ब परत लावायचा राहिला तो राहिलाच आणि बायको त्यावरून अजून बोलते, रात्री तिला कढईत काय जळतंय ते दिसत नाही म्हणून.

त्यानंतर मी जरा शेफारलो आणि पदरचे अडीच हजार घालून एक एलईडी लाइट आणला. त्या लाइटने काय केलं, तर पिठल्यावर डावाची सावली एखाद्या खुनी पिक्चरसारखी पडायला लागली आणि तेलाचा प्रत्येक थेंब मोटारीच्या हेडलाइटसारखा चमकायला लागला. सासूबाईंनी तो व्हिडिओ बघितला आणि "मी काय जेवणात विष कालवतेय का?" एवढंच विचारलं. त्याचं कारण साधं आहे, उगम जितका लहान तितकी सावली कडक, उगम मोठा केला की सावली मऊ. म्हणजे लाइटच्या पुढे काहीतरी मोठं, पांढरं, पातळ लावायला पाहिजे. त्यासाठी पांढऱ्या कापडाची तयार पेटी मिळते, सॉफ्टबॉक्स म्हणतात, तिच्या किमती बघितल्या आणि फोन खाली ठेवला. बेडशीट लावलं तर त्यावरची गुलाबी फुलं वरणावर उतरली. शेवटी सासूबाई आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि घडी केलेलं सासऱ्यांचं धोतर घेऊन आल्या. मलमलीसारखं झालेलं, धुऊन धुऊन मऊ.

मी ते दोन खिळ्यांना दोरी बांधून, कपड्यांचे सहा चिमटे लावून टांगलं, मागून लाइट मारला. आणि काय सांगू, ओटा असा उजळला की पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी चिपळूणच्या पडवीत बसल्यासारखं वाटलं. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या 'अपराजितो'साठी कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी हेच केलं होतं, बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलं आणि वर पांढरं कापड ताणून दिवे त्यावर मारले, उलटून येणारा उजेड थेट आभाळातून उतरल्यासारखा. त्यांनी दिवा कापडावर मारला, मी कापडातून मारला, फरक एवढाच, आणि त्यांच्या कापडाला काठ नव्हता बहुतेक. आमच्या धोतराला आहे, त्यामुळे नीट बघितलं तर आमच्या प्रत्येक भाजीच्या डाव्या कडेला एक फिकट पट्टी दिसते. सासूबाई धोतराकडे बघत म्हणाल्या, "चाळीस वर्षांत हे कधी स्वयंपाकघरात आले नाहीत. आता रोज येतात." आणि लगेच मिक्सर लावला, त्यामुळे त्यावर कुणाला काही बोलावं लागलं नाही.

थर्माकोल आला तो सावलीच्या बाजूला. एका बाजूने धोतर, दुसऱ्या बाजूने थर्माकोल, म्हणजे उजेड उलटून सावली भरून निघते. त्याला स्टँड मिळतो, पण फटीत स्टँड मावत नाही, जावई मावतो. हात भरून यायला लागले की मी सरस्वतीबाई फाळके आठवतो. दादासाहेब शूटिंग करायचे तेव्हा त्या पांढरी चादर धरून उन्हात तासन्‌तास उभ्या राहायच्या असं सांगतात, शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाक. मी निदान पंख्याखाली असतो. म्हणजे असतो असं वाटतं, पंखा सुरू केला की धोतर हलतं म्हणून तो बंद असतो.

फाळक्यांनीच मला आणखी एका संकटात घातलं. १९१२ साली त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं, थोडं थोडं करत, रोज, आणि तो तुकडा दाखवून पुढच्या पिक्चरसाठी भांडवल उभं केलं. हे मी कौतुकाने जेवताना सांगितलं. इथेच चुकलं. "मग आपण मटकीला मोड येताना दाखवू," सासूबाई म्हणाल्या. मटकी फडक्यात, फडकं अर्धं उघडं, कॅमेरा स्टुलावर, दर पाच मिनिटांनी एक फोटो. रात्री दोनला बायको पाणी प्यायला उठली, लाइट लावला. चारला बॅटरी संपली. ती बदलताना स्टूल बोटभर सरकलं. सकाळी कामवाल्या मावशींनी "ही मटकी उघडी कशी ठेवली?" म्हणून ती नीट झाकून, भांडं पुसून फ्रिजमध्ये ठेवली. हाती आला तो चार सेकंदांचा तुकडा, मटकी शांत, एक वीज चमकते, भूकंप होतो, मग एक हात येतो आणि सगळं नाहीसं होतं. उपयोग नाही, पण मी डिलीट केलेला नाही.

बारीकसारीक बरंच आहे. लेन्सचं तोंड एफ १.८ वर पूर्ण उघडलं की पाठीमागचं सुंदर धूसर होतं हे कळल्यावर मी सगळं तसंच शूट केलं, आणि कांदेपोह्याच्या त्या व्हिडिओत आठ मिनिटं एकच मोहरी स्पष्ट आहे. एकदा फोडणी निळ्या साडीत आणि वाढणं हिरव्या साडीत झालं कारण मधे लाइट गेले ते दुसऱ्या दिवशी आले. कॅमेरा एसीच्या खोलीतून तसाच स्वयंपाकघरात आणला तर लेन्सवर दव धरतं, पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं. हे सोडून देतो, कारण मोदकांवर यायचंय.

चतुर्थीच्या आधीच्या रविवारी मोदक. आणि त्याच आठवड्यात समोरच्या बिल्डिंगने रंगकाम काढलं आणि आमच्या खिडकीपासून बारा फुटांवर तळापासून गच्चीपर्यंत हिरवी जाळी चढवली. ऊन जाळीवर पडतं, जाळीवरून आमच्या ओट्यावर. परातीतली तांदळाची उकड पोपटी. सासूबाईंचे हात पोपटी. केल्विन वर-खाली केलं की निळं-पिवळं होतं, हिरवं जात नाही, त्यासाठी टिंट, म्हणजे हिरवं-जांभळट कमीजास्त करायचा वेगळा काटा, जांभळटाकडे न्यावा लागतो, तो नेला तर आतलं गुळखोबरं वांग्याच्या रंगाचं झालं. मी खिडकीला काळी रेनकोटची प्लास्टिकं लावली. मोदक हिरवे दिसायचे थांबले आणि सिमेंटचे दिसायला लागले, कारण कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचं असं ठाम मत असतं की जग सरासरी करडं आहे, त्यामुळे पांढरं काही जास्त दिसलं की तो ते खाली ओढून करडं करतो, काळा तवा असेल तर वर ओढून तोही करडा. पांढऱ्यासाठी आपण उजेडाचं माप मुद्दाम एक पायरी वर न्यायचं असतं. नेलं. मोदक मोदकासारखे झाले.

राहिली वाफ. मोदकपात्राचं झाकण उघडल्यावर वाफ दिसलीच पाहिजे, त्याशिवाय मोदक कसले, असं सासूबाईंचं म्हणणं. पहिल्यांदा उघडलं, डोळ्यांना भसाभस वाफ, कॅमेऱ्यात काही नाही. "वाफ दिसत नाही हो, जावईबापू." वाफ समोरच्या उजेडात दिसत नाही, तिला मागून उजेड लागतो आणि पाठीमागे काळोख लागतो. धोतर काढलं, लाइट ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात मसाल्याच्या डब्यांआड लपवला, मागे रेनकोट होताच. तोवर मोदक निवलेले. परत गॅस. परत झाकण. आता वाफ दिसली पण फोकस वाफेला धरू की मोदकाला म्हणून कॅमेरा मागे-पुढे डुलायला लागला. परत गॅस. मग वाफ थेट लेन्सवर. परत गॅस.

चौथ्या वेळी मी दबक्या आवाजात सुचवलं, की जाहिरातवाले ओला कापूस गरम करून ताटाच्या मागे लपवतात, त्याचीच वाफ...

"बाप्पाच्या मोदकांमागे कापूस?" सासूबाईंनी झारा खाली ठेवला. "जावईबापू, खोटी वाफ मी दाखवायची नाही."

पाचव्याला जमलं. झाकण उचललं आणि मागच्या उजेडात वाफ अशी चढली, पांढरी, दाट, हळदीच्या पानाच्या कडेने वळणं घेत, की मी थर्माकोल खाली ठेवला. बायको दारात येऊन उभी राहिली. कुणी बोललं नाही. मग वाफ विरली आणि आतले मोदक दिसले. पाच वेळा उकडून एकूण एक फुटलेले. कळ्या उकललेल्या, गूळ पानावर ओघळलेला.

मी म्हटलं झालं, गेला रविवार. सासूबाईंनी कॅमेऱ्याच्या मागे येऊन तो शॉट एकदा बघितला, परत बघितला, आणि म्हणाल्या, "इथपर्यंतच ठेवा. वाफ दिसते, आत काय ते अजून दिसत नाही. इथे कापा. मी दुसरे करते, ते एकदाच उकडते, नि ते दाखवा."

"आई, पण मग ती वाफ त्या मोदकांची नाही."

"वाफ खरी आहे ना? मोदक खरे आहेत ना? मग?" आणि परात पुढे ओढून त्यांनी नवी पारी करायला घेतली.

मी तिथेच कापलं. सांधा कुठे आहे ते मला माहीत असूनही दिसत नाही. फुटलेले एकवीस मोदक दोन दिवस पुरले, त्यातले बारा मी खाल्ले, दहाव्या ग्रहाला तेवढा अधिकार असावा. काल सासूबाई धोतराची घडी करताना सहज विचारत होत्या, पुढच्या रविवारी सोलकढी करायची आहे, तर ढवळताना ती भांड्याच्या आतून दाखवता येईल का.