‘पंधरा दिवस गहू सोडून बघा’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत नातेवाइकांच्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप गटांवर मला एकच मजकूर आला. त्याचा आशय असा : पंधरा दिवस गहू पूर्ण बंद करा, पोट हलके वाटले तर तुम्हाला ग्लूटेन (गव्हातले एक प्रथिन) सोसत नाही हे सिद्ध झाले, महागड्या तपासण्यांच्या नादी लागू नका, गहू सुटतच नसेल तर खपली गहू खा, त्यात ग्लूटेन नसते, आपल्या आजी-आजोबांना हा त्रास नव्हता, कारण त्यांचा गहू देशी होता, आणि पोट सुधारले की अधूनमधून एखादी पोळी चालते. मी सहा वर्षे गव्हाशिवाय राहते आणि माझ्याकडे निदानाचा कागद नाही, त्यामुळे हा मजकूर मला पटेल असे पाठवणाऱ्यांना वाटले असावे. प्रत्यक्षात त्यातल्या पहिल्याच सल्ल्याची किंमत मी अजून मोजते आहे.

गहू सोडल्यावर बरे वाटले, एवढ्यावरून ग्लूटेनचा दोष सिद्ध होत नाही. गव्हाने पोट बिघडण्याची कारणे निरनिराळी आहेत. सीलिॲक या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती ग्लूटेनच्या निमित्ताने स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. गव्हाची ॲलर्जी ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट. आणि या दोन्ही नसतानाही ग्लूटेन न सोसणारी माणसे असतात, ज्यांच्यासाठी आजही कोणती खात्रीची तपासणी नाही. शिवाय गव्हात फ्रुक्टन नावाची शर्करासाखळी असते आणि तीही पोट फुगवते. नॉर्वेत झालेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सीलिॲक नसलेल्या पण स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या 59 जणांना ग्लूटेन, फ्रुक्टन आणि यांपैकी काहीच नसलेला खाऊ आळीपाळीने, कशात काय आहे हे न सांगता देण्यात आला. सर्वाधिक त्रास फ्रुक्टनने झाला. ग्लूटेनचा आणि नुसत्या खाऊचा परिणाम मात्र जवळपास सारखाच निघाला. हेच फ्रुक्टन कांद्यात आणि लसणात भरपूर असते. म्हणजे पोळी टाकून भाकरीबरोबर लसणाची चटणी आणि कच्चा कांदा खाणाऱ्याचा खरा शत्रू ताटातच राहण्याची शक्यता आहे. त्या पंधरा दिवसांत गव्हाबरोबर पाव, खारी, बिस्किटे आणि शंकरपाळेही सुटतात, तेव्हा आराम कशाने पडला हे कोणी सांगावे?

तपासण्यांविषयीचे विधान सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. सीलिॲकची पहिली तपासणी रक्ताची असते. टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) त्यात मोजतात आणि सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारची सगळी प्रतिपिंडे, पाहतात, कारण काहींच्या रक्तात आयजीएच कमी असते व अहवाल फसवा येतो. प्रौढांमध्ये त्यापुढे बहुधा एंडोस्कोपी करून आतड्याच्या अस्तराचे नमुने घेतात. परंतु ही प्रतिपिंडे ग्लूटेन खाणाऱ्याच्याच रक्तात भरवशाने सापडतात. गहू सोडला की ती हळूहळू उतरतात, अस्तरही भरून येऊ लागते, आणि मग आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. ब्रिटनमधील मार्गदर्शनानुसार तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन खाल्लेले असावे लागते.

मी गहू आधी सोडला. रक्तातले लोह औषधे घेऊनही वाढेना (आतड्याचे अस्तर बिघडले की ते नीट शोषले जात नाही), तेव्हा तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी तपासणीचा आग्रह धरला आणि मी पुन्हा पोळ्या सुरू केल्या. नवव्या दिवशी मी अंथरुणातून उठू शकले नाही. प्रयोग तिथेच संपला. उरली जनुकीय तपासणी, जिला गहू खावा लागत नाही. एचएलए-डीक्यू2 आणि डीक्यू8 ही दोन्ही जनुकरूपे नसतील तर सीलिॲक जवळपास निकालात निघतो. पण ती साधारण तीनांतल्या एका माणसात असतात आणि त्यांतल्या मोजक्यांनाच हा आजार होतो. माझ्यात डीक्यू2 सापडले. म्हणजे मी होते तिथेच राहिले.

‘महागड्या तपासण्या’ या शब्दांत एक खरी गोष्टही आहे, तीही मान्य करते. घरी येऊन रक्त नेणाऱ्या आणि शेकडो पदार्थांची ‘तुम्हाला न सोसणारी’ यादी देणाऱ्या, आयजीजी नावाच्या दुसऱ्याच प्रतिपिंडांच्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. ती प्रतिपिंडे एखादा पदार्थ आपण खातो एवढेच सांगतात, तो सोसत नाही असे नव्हे.

खपलीचे उत्तर पोळपाटावरच मिळते. कणीक ताणली जाते ती ग्लूटेनमुळे. ज्वारीत ते नसते म्हणून भाकरी थापावी लागते. खपलीच्या पुरणपोळ्या सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यान् पिढ्या लाटल्या जात आहेत. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे, आणि सीलिॲक असणाऱ्याला तो वर्ज्य आहे.

आजी-आजोबांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, पण कारण चुकीचे दिले आहे. 1960 नंतरच्या गव्हाच्या वाणांत प्रामुख्याने रोपाची उंची कमी झाली. जनुकीय बदल केलेला गहू तर भारतात व्यापारी तत्त्वावर पिकवलाच जात नाही. बदलले ते प्रमाण. देशावर भाकरी आणि कोकणात भात हे रोजचे अन्न होते, पोळी सणावारी व्हायची. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या, 23 हजारांहून अधिक प्रौढांच्या भारतीय पाहणीत सीलिॲकची प्रतिपिंडे उत्तरेत 1.23 टक्के तर दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत आढळली. जनुकांत तेवढी तफावत नव्हती. गव्हाच्या रोजच्या खाण्यात मात्र प्रचंड होती. शिवाय जुन्या काळी ‘पोट नाजूक’ किंवा ‘अंगात रक्तच नाही’ म्हणून सोडून दिलेल्या किती जणांना काय झाले होते, हे कोणी तपासले होते?

राहिली ती ‘एखादी पोळी’. सीलिॲक असेल तर रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेनही तीन महिन्यांत आतड्याला इजा करू शकते, आणि एका पोळीत ते दोन ग्रॅमच्या आसपास असते. तेव्हा बांधणी हिंगातले पीठ, मेतकुटातले व भाजणीतले गहू, गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी, हे सारे मोजावे लागते. त्रास फ्रुक्टनचा असेल तर यातले बहुतेक काही मोजायची गरज नाही. कोणता नियम आपल्याला लागू आहे, हे ज्या कागदावरून कळते तोच कागद मिळवू नका, असे हा मजकूर सांगतो. मी कडक नियम पाळते, कारण दुसरा सुरक्षित पर्याय मला उरलेला नाही. गिरणीवाल्याला ‘उपासाचे दळण आहे’ आणि लग्नाच्या पंगतीत ‘उपास आहे’ असे सांगते. उपासाला कोणी डॉक्टरांची चिठ्ठी मागत नाही.

सीलिॲक असणाऱ्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तो असण्याची शक्यता सुमारे दहांत एक असते. मला तो आहे की नाही हेच ठाऊक नसल्याने माझ्या बहिणीला काय सांगावे, असा प्रश्न होता. ती अजून दोन्ही वेळा पोळी खाते, म्हणून गहू न सोडता तिने गेल्या महिन्यात रक्त दिले. एकूण आयजीए योग्य होते आणि टीटीजी नकारात्मक आले. तोच मजकूर तिलाही आला होता. तिने तो पुढे पाठवला नाही.