सहभाग वाढला, पण पगार किती जणींना मिळाला?

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: '२०१७-१८ मध्ये देशातल्या २३ टक्के महिला नोकरी करत होत्या, २०२३-२४ मध्ये ४२ टक्के. नोकरदार महिला जवळपास दुप्पट झाल्या, बेरोजगारी निम्म्यावर आली. इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. आपला सोलापूर जिल्हाही यात मागे नाही.'

यातले आकडे खोटे नाहीत. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, १५ वर्षांवरील महिलांचा श्रमशक्ती सहभाग खरोखरच २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला आहे. चुकलाय तो त्यांचा लावलेला अर्थ. तो अर्थ पुढे ढकलण्याआधी घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचा तरी विचार व्हायला हवा.

'४२ टक्के महिला नोकरी करतात.'

नाही करत. श्रमशक्तीत मोजलं जायला पगार लागत नाही. वर्षातला जास्त काळ कामात किंवा कामाच्या शोधात गेला असेल तर बाई श्रमशक्तीत येते. वर्षभर घरकामच केलं, पण ३० दिवस किंवा त्याहून जास्त घरच्या शेतात राबली, तरीही येते. मंगळवेढ्याकडे रब्बीची ज्वारी काढायची, कणसं खुडायची, कडबा बांधायचा, मळणीला उभं राहायचं, एवढ्यात महिना सहज भरतो. हातात एक रुपया आला नाही तरी सर्वेक्षणात तिच्या नावापुढे २१ हा कोड पडतो: घरच्या व्यवसायातली बिनपगारी मदतनीस. तीच बाई फक्त सरपण गोळा करत असेल तर कोड ९३, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर.

आता वाढ कुठून आली ते पाहा. अहवालातले टक्के एकमेकांना लावून काढलेला हा अंदाज आहे, पण चित्र स्पष्ट आहे. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरच्या दर १०० महिलांमागे २२ जणी प्रत्यक्ष कामात होत्या, २०२३-२४ मध्ये ४०.३. म्हणजे १८ जणींची भर पडली. त्यातल्या जवळपास ८ बिनपगारी मदतनीस, आणखी ८ स्वतःचं काहीतरी करणाऱ्या, रोजंदारीवरची जेमतेम एक. नियमित पगारावरच्या महिला शंभरात साधारण ४.६ होत्या, त्या ६.४ झाल्या. ही वाढ खरी आहे आणि ती नाकारायचं कारण नाही, पण ती दोनसुद्धा भरत नाही. शहर आणि खेडं वेगळं केलं की तेच दिसतं: ग्रामीण महिलांचा सहभाग २४.६ वरून ४७.६ वर गेला, शहरी महिलांचा २०.४ वरून २८ वर. नोकऱ्यांची लाट असती तर ती आधी शहरात दिसली असती.

'स्वतःचं काहीतरी करणाऱ्या' या रकान्यात उद्योजिकाच असतात असं समजणाऱ्यांनी सोलापूरच्या पूर्व भागात, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत एक चक्कर मारावी. कारखान्याकडून पान, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा. पानं भिजवायची, मापात कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंडं मुडपायची, कट्टे करून परत न्यायचे. मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि तपासणीत खराब निघालेल्या विड्या छाट म्हणून बाजूला पडतात, त्यांचा फटका हिलाच. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा अशा बाईला मालकाची कामगार मानत आला. सर्वेक्षण मात्र घरी माल नेऊन मजुरीवर काम करणाऱ्यांना स्वयंरोजगारात मोजतं, कारण काम कुठे, कधी आणि कसं करायचं हे ते स्वतः ठरवतात असं गृहीत आहे. सांख्यिकीच्या दृष्टीने ती सोय असेल, पण तिला 'नोकरदार' म्हणून मिरवणं चूक आणि 'उद्योजिका' म्हणणं त्याहून चूक.

'बेरोजगारी निम्म्यावर आली.'

बेरोजगारीचा दर शंभर माणसांमागे काढत नाहीत, श्रमशक्तीतल्या शंभरांमागे काढतात. महिलांचा हा दर ५.६ वरून ३.२ टक्क्यांवर आला. पण २३.३ चे ५.६ टक्के काढा, उत्तर १.३. ४१.७ चे ३.२ टक्के काढा, उत्तर पुन्हा १.३. काम शोधणाऱ्या महिला शंभरात तेवढ्याच राहिल्या. भागाकारातला छेद फुगला म्हणून दर उतरला, आणि तो फुगवण्यात बिनपगारी मदतनिसांचा मोठा वाटा आहे.

'इतिहासात असं कधी घडलं नव्हतं.'

२००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत हाच सहभाग ४२-४३ टक्क्यांच्या आसपास होता. २०११-१२ मध्ये तो ३१ वर आला आणि २०१७-१८ ला तळाला गेला. पाहणीची पद्धत मध्ये बदलली असल्याने दशांशापर्यंत तुलना करू नये, पण तळापासून मोजलेली चढण विक्रम ठरत नाही.

'सोलापूर जिल्हाही मागे नाही.' २०२३-२४ चा अहवाल देश आणि राज्य पातळीवरचे अंदाज देतो, जिल्ह्याचे नाही. हे वाक्य कुणीतरी मागाहून जोडलेलं आहे.

आता याच्या उलटा मजकूरही येईल: 'एप्रिल २०२५ मध्ये महिलांचा सहभाग ३४.२ वर कोसळला.' तोही पुढे पाठवू नका. २०२५ पासून पीएलएफएसचे मासिक आकडे निघतात आणि ते चालू आठवड्याच्या पद्धतीने काढलेले असतात: मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी किमान एक तास काम केलं का, किंवा काम शोधलं का? ज्वारी घरात आली, कडबा रचून झाला, की एप्रिलमधल्या अशा एखाद्या आठवड्यात मघाची तीच बाई श्रमशक्तीबाहेर जाते. वर्षाच्या हिशोबात मात्र ती आत असते. ४१.७ वर्षाच्या मोजपट्टीचा आकडा आहे, ३४.२ आठवड्याच्या. वजाबाकी करायचीच असेल तर एप्रिलच्या मासिक आकड्यातून मागच्या एप्रिलचाच मासिक आकडा वजा करा, आणि सहभागाच्या शेजारी नियमित पगारदारांचा रकाना उघडा ठेवा.