पाटी वाचणाऱ्यांनो, जरा बाजूला व्हा

पुण्यातल्या केळकर संग्रहालयात जायचं ठरवलंत? उत्तम. फक्त वस्तूखालची पाटी आधी वाचू नका. वाचली की बोलायला काही उरत नाही, आणि पाहुणे सोबत असताना गप्प बसायला का तिकीट काढलंय?

सुरुवात प्रवेशद्वारापासूनच करा. 'राजा दिनकर केळकर' हे नाव दिसताच पाहुण्यांना सांगा, "मोठं संस्थान होतं यांचं." राजा हे दिनकर केळकरांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव, त्याच्या आठवणीत हा संग्रह उभा राहिला, हे कशाला सांगायचं? संस्थान म्हटलं की कसं, भारदस्त वाटतं.

मग काचेमागे एक पितळी मोर दिसेल, खालून खरखरीत. लगेच जाहीर करा, "पेपरवेट! पेशव्यांच्या दप्तरातलं." तेवढ्यात मुलगी वाचून म्हणेल, "बाबा, वज्री लिहिलंय. टाचा घासायची." डगमगू नका. "तेच ते. टाचा घासून झाल्या की कागदांवर ठेवायचे." पाटीला उलट बोलता येत नाही, हा तिचा सगळ्यांत मोठा गुण.

'१८ वे शतक' दिसलं की बिनदिक्कत अठराशे सालातलं म्हणा. शंभर वर्षं इकडची तिकडे झाल्याने कुणाचं काय अडलंय? नोंदणी क्रमांक दिसला तर ती किंमत समजा आणि "एवढीच?" असं पुटपुटा.

अडकित्त्यांसमोर मात्र जरा रेंगाळा. इथे पाटीची गरजच नाही. "आमच्या आजीकडे याहून मोठा होता." तो कुठे गेला, असं कुणी विचारलं तर विषय बदला, घरं रिकामी करताना आपण पितळ मोडीत घातलं आणि स्टीलचे डबे आणले. केळकर १९२० च्या सुमारापासून लोकांच्या घरांतून असल्याच वस्तू गोळा करत राहिले, वीस हजारांच्या वर. पण आजीचा मोठा होता, हे महत्त्वाचं.

मस्तानी महालात "ती इथेच राहायची" एवढं बोला. तो कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभा केलाय, हे ऐकलं तर पाहुण्यांचा उगाच हिरमोड होईल.

फोटोची परवानगी असेल तर पाट्यांचेही काढून ठेवा, घरी निवांत वाचायला. फोनमधली जागा भरली की सगळ्यांत आधी तेच उडवता येतात.

बाहेर पडताना अभिप्रायाची वही मागा आणि ठसठशीत अक्षरात लिहा: वस्तू छान, माहिती फार कमी.