मूठभर माती टाकली की झालं?

आज मातीला जाऊन आले. अंघोळ झाली, पण घास उतरेना, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांब होणार आहे आणि आपल्यातल्या काहींना झोंबणार आहे. झोंबू दे.

आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या पॅरिशमधल्या, एक मावशी गेल्या. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. वर्षानुवर्षं वेदीवरची वस्त्रं घरी न्यायच्या, धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून शनिवारी परत आणायच्या. आपल्यातल्या निम्म्या पोरांना क्रुसाची खूण करायला त्यांनीच शिकवलं. मागे रडायला सख्खं कोणी नाही. पेटी उचलायची वेळ आली तेव्हा आपले खांदे पुरेनात. शेवटी त्यांच्याच गल्लीतली दोन मुसलमान पोरं न सांगता पुढे झाली. शेजारच्या लेवा काकू दारात उभ्या होत्या, मला हळूच म्हणाल्या, "व माय, इतकेच लोकं?" काय सांगणार त्यांना?

आणि सणाच्या दिवशी? मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बिर्याणीच्या कूपनांवरून ग्रुपवर दोन दिवस महाभारत चाललं होतं. त्याच ग्रुपवर कालपासून हात जोडलेल्यांची रांग लागली आहे. तेवढे हात आज पेटीला लागले असते तर!

माझे बाबा भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. जुन्या मंडळींना ते वेगळ्याच कामासाठी आठवतात. धर्मग्रामात कोणी वारलं की कबर बाबा खोदायचे. पैसे नाहीत, चहासुद्धा घरचाच. आपली काळी माती कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात टिकाव मारला तर ठिणगी उडेल इतकी टणक. म्हणून बाबा आदल्या संध्याकाळी जागा आखून तिथे बादल्या ओतून यायचे, रात्रभर पाणी मुरू द्यायचे आणि पहाटे पहार घेऊन निघायचे. पावसाळ्यात उलटं. कडा ढासळायच्या, मग फळ्या लावून टेका द्यायचा. मी थर्मास घेऊन जायचे तर खड्ड्यातून फक्त त्यांची टोपी दिसायची. तिथून घरी येऊन हातपाय धुवायचे आणि डबा घेऊन पॅसेंजरने शेडला. आईला जाताना सांगायचे, "आज दोन ड्युट्या आहेत."

आज कबर कोणी खोदली? सातपुड्याकडून केळीच्या बागेत कामाला आलेल्या दोन मजुरांनी, रोजंदारीवर. आपल्या लोकांनी मूठमूठ माती टाकली, रुमालाने हात पुसले आणि गाड्या सुरू केल्या. मी फावडं उचललं तर एक काका म्हणाले, "अगं तू राहू दे, ते करतील ना, पैसे दिलेत." पैसे दिलेत! काका, तुमच्या वडिलांची कबर माझ्या बाबांनी खोदली होती, तेव्हा किती दिले होते?

धर्मशिक्षणात दयेची सात शारीरिक कृत्यं घोकली होती ना सगळ्यांनी? भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात येशू त्यातली सहाच सांगतो. सातवं, मेलेल्याला मूठमाती देणं, हे जुन्या करारातल्या तोबिताच्या पुस्तकातून आलेलं आहे. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये ते आहे, काढून वाचा. पेंटेकॉस्टचा, यहुद्यांचा, सण आहे, ताट वाढलेलं आहे, तोबित मुलाला म्हणतो, कोणी गरीब दिसला तर जेवायला घेऊन ये. मुलगा परत येतो तो बातमी घेऊन, की आपल्यातल्या एकाला मारून बाजारात टाकलंय. तोबित घास न घेता उठतो, प्रेत आणून ठेवतो आणि सूर्य मावळल्यावर पुरतो. शेजारी त्याला हसतात. सणाच्या दिवशी ताटावरून उठला होता माणूस, हे लक्षात घ्या. आपल्याला कूपन सुटत नाही.

हो, ऊन होतं. हो, कामाचा दिवस होता, आणि पुण्या-सुरतेला नोकरीला गेलेली पोरं एका मातीसाठी येऊ शकत नाहीत, हेही मान्य. पण गावात असून दुपारी ग्रुपवर फुलांचे फोटो टाकणाऱ्यांनी मला उन्हाचं सांगू नये.

ऑफिसातले एक गृहस्थ मला नेहमी टोमणा मारतात, की तुमची सेवा म्हणजे धर्मांतराचा गळ. तसं वागणारे आमच्यात नसतीलच असं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही. पण मेलेल्या माणसाचं धर्मांतर कसं करतात, ते त्यांनी मला एकदा समजावून द्यावं. गल्लीत कोणीही गेलं की बाबा बांबू आणायला, तिरडी बांधायला हजर असायचे. खांदा देऊन नदीपर्यंत जायचे. कोणी त्यांना जात विचारली नाही, त्यांनी कोणाला धर्म विचारला नाही.

लॉकडाऊनमध्ये, 8 मे 2020 ला, औरंगाबादकडच्या करमाडजवळ रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते, भुसावळला गाडी मिळेल या आशेवर. बाबा रिटायर झाले होते, गुडघे गेले होते. बातमी ऐकून टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "आपल्याकडेच येत होते ते." संध्याकाळी रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, त्या सगळ्यांसाठी एक एक 'नमो मारिया' म्हटली. दुसऱ्या दिवशी काठी टेकत माठ घेऊन सुरत-नागपूर हायवेच्या कडेला बसले. पोलिसांनी हटकलं तर त्यांनाही पाणी पाजलं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या दोन मजुरांचं सांगायचं राहिलंच. फादरांनी शेवटची प्रार्थना सुरू केली तेव्हा दोघांनी डोक्याचे रुमाल काढले आणि चपला बाजूला सारून उभे राहिले. त्यांना एक शब्द ओळखीचा नसेल. मी फावडं चालवत होते तर धाकटा म्हणाला, ताई, कडेची माती आधी ओढा, मधली आपोआप बसते. बाबाही अगदी तसंच करायचे. आपल्यातली अकरावीतली एक मुलगी पण थांबली होती. घमेली भरून देत होती, तळहाताला फोड आले तरी. तिच्या आईबाबांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आता कामाचं. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, मेणबत्त्या आणि झेंडू घेऊन सगळे येतीलच, तोवर थांबायची गरज नाही. सिमेट्रीच्या मागच्या भिंतीला वेड्या बाभळी माजल्या आहेत, जुन्या कबरी दिसेनाशा झाल्या आहेत. शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी आणि ती मुलगी जाणार आहोत. फादरांशी बोलले आहे, चावी मिळेल. माझ्याकडे दोन फावडी आणि बाबांची पहार आहे. कोयता आणि काट्यांसाठी जाड हातमोजे कोणाकडे असतील तर घेऊन या. पाण्याचा जार मी आणते.